टेकाडाचा कौल

आप्पा,

काल रविवारी मी दिवसभर धरणातल्या टेकाडावर छत्री घेऊन उभा होतो. सकाळच्या पहिल्या बोटीनं गेलो आणि संध्याकाळच्या शेवटच्या बोटीनं परत आलो. मधल्या वेळात तीन जणांनी मला संडास कुठे आहे ते विचारलं. एका बाईंनी हातात फोन देऊन त्यांच्या सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायला सांगितला, तो काढून दिला. लोकांना मी बोटिंगचाच माणूस वाटतो. मी काही खुलासा करत नाही. माझं काम एवढंच असतं की कुणी टेकाडाच्या शेपटीकडे निघालं की आडवं जाऊन सांगायचं, तिकडे अंडी आहेत, पिल्लं आहेत, जाऊ नका. काही जण वळतात. काही जण मला बाजूला सारून जातात, मग मी त्यांच्या मागं मागं चालतो आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत राहतो.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातसुद्धा कधी बोललो नाही, श्राद्धाचं पान वाढतानाही नाही. आज घरी कुणी नाही. तुमची सून लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे, कारखान्याला सुट्टी आहे, आणि कालच्या उन्हानं अंग दुखतंय म्हणून मी कुठे बाहेरही पडलो नाही. शेजारचे यंत्रमाग आज बंद आहेत. बेळगावच्या या वडगावात एवढी शांतता सवयीची नाही. म्हणून कागद घेतला. ज्या गोष्टी तुम्हालाच माहीत आहेत त्याही लिहिणार आहे, कारण सलग लिहिल्याशिवाय मला नीट लिहिता येत नाही.

धरण आता तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही ज्या खोलीत बसायचा ती पाडून तिथं तिकिटाची खिडकी केली आहे. बांधाच्या खाली गाड्या लावायची जागा, कणसं भाजणारे, भेळवाले, आणि पाण्याच्या कडेनं रंगीत बोटी. शनिवार-रविवारी बेळगावची माणसं येतात, गोव्याच्या पाटीच्या गाड्याही असतात. थंडीत लांब नळीचे कॅमेरे घेऊन काही जण येतात, ते पहाटेपासून चिखलात पालथे पडून राहतात आणि बदकांची नावं एकमेकांना हळू आवाजात सांगतात. पाणमांजरं अजून आहेत. सकाळी लवकर गेलं तर सांडव्याच्या खालच्या डोहात तोंड वर काढून बघतात. बुडालेल्या झाडांची जी खोडं पाण्याबाहेर दिसतात त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. हे सगळं तुम्ही रोज बघत होता आणि आमच्याशी त्याबद्दल कधी फार बोलला नाही. आपल्या घरात कुणीच फार बोलत नव्हतं.

आपलं मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. गावाच्या मागचं टेकाड तेवढं उरलं. तेही पावसाळ्यात बुडतं आणि शिमग्याच्या सुमाराला पाणी उतरलं की हळूहळू वर येतं, आधी देवीच्या जुन्या देवळाचा चौथरा, मग बाकीचा खडक. देवीची मूर्ती धरणग्रस्तांसाठी वसवलेल्या आपल्या वसाहतीत आणली, नवं देऊळ बांधलं, पण मूळ जागा टेकाडावर. टेकाड वर आलं तरी देवीनं कौल दिल्याशिवाय त्याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आणि कौल मिळाला की टोपली घेऊन जायचं, ओटी भरायची, जत्रा करून परत यायचं, हा रिवाज. कौल लावायचा मान आपल्या गुरवांच्या घराकडे. शिमगा झाला की दर शुक्रवारी तुम्ही अंघोळ करून नव्या देवळात जायचा, चाफ्याच्या दोन पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा आणि गावाच्या वतीनं विचारायचा, आई, येऊ का. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. माझ्या सगळ्या लहानपणी डावीच आधी पडत आली. शुक्रवार, शुक्रवार, डावी, डावी. आणि मृगाला आठ-दहा दिवस उरले की एका शुक्रवारी उजवी पडायची. मग दोन दिवसांत घाईघाईनं जत्रा, आणि लगेच पाऊस. इतर गावांच्या जत्रा निवांत होतात आणि आपलीच अशी पळापळीत का, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "आपली देवी जरा लाजरी हाय."

त्या दोन-अडीच महिन्यांत टेकाडावर पांढरी पाखरं असायची. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात, हे मला गेल्या वर्षी कॅमेरावाल्या एका माणसानं सांगितलं. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. घरटं म्हणून काही बांधत नाहीत, उघड्या खडकावर बारीक खड्यांत दोन-तीन अंडी घालतात, आणि अंडी इतकी खड्यांसारखी की वाकून बघितलं तरी कळत नाही. एकदा, मी कॉलेजात असताना, तुम्ही मला बांधावर बसवून ती दाखवली होती. दुपारची वेळ होती. एक पाखरू पाण्यावर यायचं, पोट बुडवायचं आणि परत जाऊन अंड्यांवर बसायचं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "भिजलेल्या पोटानं बसतंय," तुम्ही म्हणालात. "न्हायतर अंडी शिजत्यात. माणूस जवळ गेला की हे उडतंय, आणि मग घटकाभरात समदं संपलं. ऊन न्हायतर कावळा." एवढं सलग बोललेलं मला दुसरं काही आठवत नाही.

तुमचं पोटापाण्याचं काम म्हणजे रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पट्टी बघणं. बांधाच्या भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांवर पाणी कुठपर्यंत आलं ते पायऱ्या उतरून बघायचं आणि ऑफिसला कळवायचं. एका श्रावणात तुम्हाला ताप होता आणि मी सुट्टीला घरी आलो होतो. तुम्ही मला पाठवलंत. पाऊस आडवा लागत होता, पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी वरूनच बघितलं, आदल्या दिवसाच्या आकड्यात अंदाजानं भर घातली आणि खोलीतल्या फोनवरून कळवून आलो. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "कितवी पायरी भिजलीया?" मला सांगता येईना. तुम्ही उठलात. आई आडवी आली, तिला काही न बोलता डोक्यावर इरलं घेतलंत आणि गेलात. मी मागं गेलो नाही. तासाभरानं चिंब होऊन आलात आणि म्हणालात, "दोन बोटांचा फरक हाय."

"दोन बोटांनी काय होतंय, आप्पा?"

"खालच्या गावास्नी जाऊन इचार."

मग अंग पुसताना, माझ्याकडे न बघता, "न बघता सांगायचं न्हाय. कुणालाच न्हाय." मी मच्छे गावातल्या कारखान्यात तपासणीवर लागलो त्याला आता तीस वर्षं होत आली. दिवसभर सुटे भाग हातात घेऊन मापं बघतो. माझ्या हाताखालची मुलं मला मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण मी एकदाही न बघता शिक्का मारलेला नाही. तो तुमचा श्रावण माझ्या अंगात राहिला आहे.

म्हणून मला त्या शुक्रवारचं इतकं लागलं. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. मी पहाटेच्या बसनं आलो होतो आणि मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात शिरलो. आई चुलीपुढे नव्हती, गोठ्यात होती. तुम्ही अंघोळ करून, ओलं धोतर नेसून चुलीशी बसला होता. पुढ्यात भाताच्या पेजेची वाटी. तुम्ही चाफ्याची एक पाकळी पालथी धरून तिला करंगळीनं पेज लावत होता, अगदी सावकाश, कडेपर्यंत. दुसरी पाकळी केळीच्या पानावर कोरडी ठेवलेली. मला बघून तुमचा हात थांबला नाही. मला समजायला वेळ लागला, पण मग सगळंच समजलं. उजवी पेजेनं चिकटवायची, डावी पाण्यानं. मग डावी आधी पडणारच.

"हे काय चाललंय आप्पा?"

"हात-पाय धू. दमून आलाईस."

"दर वर्षी असंच करता?"

तुम्ही पाकळी पानावर ठेवलीत. "पाखरं बसल्यात," म्हणालात. "दोन म्हैनं थांबा म्हणून गावाला सांगितलं तर कोण थांबतंय?"

"मग पाखरांचं नाव घेऊन सांगा की."

"पाखरांसाठी म्हटलं की हसत्यात."

"म्हणून देवीच्या तोंडून खोटं बोलायचं? पट्टीवर दोन बोटं चुकली तर तापात उठून गेलासा, आणि हे?"

तुम्ही पेजेची वाटी बाजूला सारलीत. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात दुधाची चरवी. मग तुम्ही म्हणालात, "तिला ठाऊक हाय," आणि दोन्ही पाकळ्या पानासकट उचलून देवळाकडे गेलात. मी न जेवता दुपारच्या बसनं परत आलो. त्यानंतर मी जत्रेला आलो नाही. दिवाळीला, गणपतीला यायचो, पण जत्रेला नाही, आणि का नाही ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं की तुमचं हे एवढं मलाच माहीत आहे, आणि ते झाकून ठेवतोय हेच मी तुमच्यासाठी करतोय. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

तुम्ही एकदा कारखान्याच्या गेटवर आला होता. मेचा शेवट. जांबोटीकडून दोन बस बदलून, खांद्यावर फणस घेऊन. वॉचमननं निरोप पाठवला तेव्हा मी मशीनवर होतो, लगेच निघता आलं असतं, पण हातातले भाग तपासून संपवले आणि मगच आलो. तुम्ही सावली सोडून उन्हातच उभे होता, कारण सावलीत साहेबांच्या गाड्या लागल्या होत्या. फणस जमिनीवर, त्याच्याखाली तुमचा रुमाल. वॉचमन कानडी होता, तुम्ही त्याच्याशी कानडीत गप्पा मारत होता आणि तो हसत होता. मी आलो तसे तुम्ही गप्प झालात. घरचं विचारलं, प्रकृतीचं विचारलं. मग तुम्ही म्हणालात, "पाखरं उडाली. काल उजवी पडली. परवा जत्रा हाय. येतोस?"

"सुट्टी नाही."

"बरं," म्हणालात. "फणस कापा हाय, पोरीला आवडंल." आणि बसस्टॉपकडे चालू लागलात. मला सुट्टी होती. त्या आठवड्यात तीन दिवस यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहणार होता आणि मी घरी पंखा लावून झोपून राहिलो. तुमची सून म्हणाली, गावाकडं जाऊन या की. मी म्हटलं, ऊन फार आहे.

तुम्ही गेल्यावर कौल काका लावायचे. ते कसा लावतात हे मी विचारलं नाही, पण जत्रा मृगाच्या तोंडावरच होत राहिली, त्यावरून जे समजायचं ते समजलो. मग काकांची दृष्टी गेली आणि मान माझ्याकडे आला. ही तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्याच वर्षी काकांच्या धाकट्यानं बोटिंगचा ठेका घेतला होता. तुम्हाला तो आठवत असेल, सारखी नाकाला सर्दी असायची. आता चांगला धट्टाकट्टा झाला आहे, बोलायला गोड आहे आणि वसाहतीतल्या सात-आठ घरांना त्याच्यामुळे काम आहे, हे खरं आहे. तो शिमगा झाल्या झाल्या मला घ्यायला वडगावला आला.

"अण्णा, देवीला इचारून टाका बगा लवकर. लोकं बोटीत बसून टेकाडाभोवती चकरा मारत्यात आणि वर उतरू का म्हणून इचारत्यात. शाळांची सुट्टी लागली की हाच धंदा. मृग आल्यावर जत्रा करून मी काय करू, छत्र्या भाड्यानं देऊ?"

मी हसलो आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. वाटेत माझं ठरलं होतं, किंवा चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं. मी कौल सरळ लावणार. एकाच फुलाच्या दोन पाकळ्या घेतल्या, एकसारख्या बघून. दोन्हींना देवीच्या तांब्यातलं पाणी, एक-एक थेंब. दोन्ही खांद्यांवर एकाच वेळी दोन हातांनी लावल्या. वसाहतीतली पंधरा-वीस माणसं मागं उभी होती, त्यांना सगळं दिसेल असा मी बाजूला बसलो. "आई, येऊ का," म्हटलं. उजवी लगेच पडली. डावी बराच वेळ तशीच राहिली. धाकट्यानं तिथंच नारळ फोडला. आणि आप्पा, मला त्या क्षणी आनंद झाला. पाखरांचा विचार मनात आला नव्हता असं नाही, आला होता. पण त्याच्या आधी मला असं वाटलं की देवीला सरळ विचारलं तर ती सरळ सांगते, आणि एवढी वर्षं तुम्हीच तिला बोलू दिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही टेकाडावर गेलो. पहिल्या बोटीत मी, डोक्यावर देवीची टोपली, मागच्या बोटींत गाव, आणि त्याच्या मागं बेळगावची चार-पाच कुटुंबं, लाइफ जॅकेट घातलेली. आम्ही टेकाडाला लागलो तशी सगळी पाखरं एकदम वर उठली. इतकी असतील असं मला वाटलं नव्हतं. डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, अगदी चोच केसांना लागेल एवढी खाली येत होती. एका बाईंनी धाकट्याला विचारलं, "ही एवढी का ओरडतायत?" तो म्हणाला, "वैनी, फुकट सिक्युरिटी हाय आमची." सगळे हसले. कुणी स्पीकर लावला. कुणी खडकावर सतरंजी पसरली, डबे उघडले, आणि दोन मुली बॅडमिंटन खेळू लागल्या. मी चौथऱ्यावर पूजा मांडली. मध्ये एकदा उठून एका माणसाला म्हटलं, "इथं अंडी आहेत, जरा बाजूनं." तो थांबला, खाली बघितलं आणि म्हणाला, "कुठं? दगडच आहेत की सगळे." मला त्याला दाखवता येईना. मी परत जाऊन बसलो. पाखरं पाण्यावर जायची, पोट भिजवून यायची आणि बसायला जागा नाही म्हणून वरच फिरत राहायची. दुपारी कावळे आले. ते पाखरांना भीत नव्हते आणि माणसांनाही नाही, डबे आणि अंडी दोन्ही त्यांना चालत होतं. चारच्या सुमाराला पाखरांचं ओरडणं थांबलं. माणसांपैकी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण स्पीकर चालू होता. पुढच्या शुक्रवारी मी बांधावरून बघितलं तर टेकाडावर एकही नव्हतं.

त्या दिवशी मी आत्तीकडे गेलो. तुमची बहीण आता फार थकली आहे, कान मात्र शाबूत आहेत. ती ओसरीवर चिंच फोडत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि काही बोलायचं म्हणून पाखरं गेल्याचं सांगितलं.

"जातील न्हायतर काय करतील," ती म्हणाली. "कौल कसा लावलास?"

"लावायचा तसा. दोन्हीकडं पाणी."

"नुस्तं पाणी?"

"व्हय."

तिनं आणखी दोन चिंचा फोडल्या. "तुझ्या बापानं कंदी नुस्तं पाणी लावलं न्हाय."

"तुला ठाऊक होतं?"

"समद्यास्नी ठाऊक व्हतं रं. उजवी पाकळी सांजच्यापतूर देवीच्या खांद्यावर वाळून बसायची, ती काय पाण्यानं? बायका हसायच्या, गुरवांच्या घरात आज देवी जेवली, गुरव उपाशी, म्हणून."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"बोलून काय करायचं? त्यानं न्हाय म्हटलं की आमी थांबायचो. पाखरांची पिल्लं बघाय आमी पण बांधावर जायचो की. उगं माणूस माणसाला थांब म्हणाला तर राग येतोय. देवी म्हणाली तर न्हाय येत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? तू घरचाच. आमाला वाटलं तुला म्हाईत असंल."

मी विचारलं, "आणि आप्पांना ठाऊक होतं का, तुम्हाला हे कळलंय म्हणून?"

"ते त्येलाच इचारायचं व्हतंस."

मी चहा न घेता निघालो. तुम्ही त्या दिवशी चुलीपुढे "तिला ठाऊक हाय" म्हणालात ते देवीबद्दल म्हणालात असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. कदाचित देवीबद्दलच असेल. पण दारात आईही उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं, हे मला त्या दिवशी आत्तीच्या घरून बसस्टॉपकडे चालताना आठवलं. मी मोठा गुन्हा पकडला असं समजून मी माझ्या घरापासून लांब राहिलो, आणि तो गुन्हा सगळ्या गावाचा मिळून चालला होता, एकटा मी सोडून.

त्यानंतरचे दोन उन्हाळे पाखरं आलीच नाहीत. यंदा आली. फार नाहीत, चार जोड्या मी मोजल्या, टेकाडाच्या अगदी शेपटीला, जिथं खडक पाण्यात उतरतो तिथं. मी धाकट्याला गाठलं. म्हटलं, यंदा कौल माझ्यावर सोड, शुक्रवारी लावतो. खरं सांगायचं तर पेजेची तयारी मी मनात केली होती.

"अण्णा, आता परत कशाला इचारायचं? देवीनं एकदा मोकळी वाट दिलीया. तुमीच लावलासा, येकदम स्वच्छ, समद्यांनी बघितलं. आता तुमी डावी पाडली तर लोक काय म्हणतील, आधीची खोटी का आताची?"

त्याचं चुकत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "येक करतो. शेपटीकडं बोट न्हेत न्हाय. पर माणसं वर उतरून चालत गेली तर माझ्या हातात न्हाय. तुमी थांबत असला तर थांबा, बोटीत तुमाला जागा हाय." म्हणून मी थांबतो. शनिवारी कामावरून सुटलो की वसाहतीत मुक्कामाला जातो आणि रविवारी दिवसभर छत्री घेऊन मध्ये उभा राहतो. एक पाटी रंगवली आहे, मराठीत आणि कानडीत. तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घालतं. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत तिथं काय होतं ते मला माहीत नसतं. रविवारी पोचलो की आधी मोजतो. काल पाच पिल्लं होती, खड्यांच्या रंगाची, माणूस आला की चिकटून बसणारी. उडायला त्यांना अजून दोन आठवडे तरी लागतील असं कॅमेरावाला म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात सलग तीन दिवस सुट्टी आहे. कारखान्याला ती नाही, म्हणून मी रजा मागितली आहे. साहेबांनी कारण विचारलं. घरगुती, असं लिहिलं.

हा कागद मी कुठे ठेवणार नाही, तुमच्या सुनेच्या हाती लागेल. लिहून झाल्यावर फाडीन. म्हणून एक गोष्ट, जी वर त्या रविवारचं लिहिताना मी गाळली, ती लिहितो. देवीपुढे अनवाणी जायचं असतं. डोक्यावर टोपली होती, दोन्ही हात टोपलीला, खाली बघता येत नव्हतं. बोटीतून उतरून चौथऱ्याकडे निघालो आणि सातव्या-आठव्या पावलाला टाचेखाली काहीतरी फुटलं. कोमट लागलं. बाकीचं कुणीही अजून बोटीतून उतरलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशीचं पहिलं माझंच. काय फुटलं ते मला तेव्हाच कळलं होतं. मी थांबलो, आणि खाली बघायच्या आधी मागं वळून बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. कुणी पाहिलं नव्हतं. चौथऱ्याच्या कडेला पाय पुसला आणि पूजेला बसलो. हे मी आत्तीला सांगितलेलं नाही. तुम्ही समोर असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.